सहाव्या जागेसाठी दहा खलाशी

शनिवारी सकाळी साडेसहाला धक्क्यावर उभं राहून मी मोजणी केली. प्रवाळाच्या कडेच्या आत, शांत पाण्यात नांगरलेल्या यॉट अकरा. त्यांवर खलाशी सव्वीस: सतरा पुरुष, नऊ बायका. मांजर एक. दोरांवर वाळत घातलेले टॉवेल एकेचाळीस, कारण ही माणसं दिवसातून तीनदा समुद्रात उतरतात, तीनदा गोड्या पाण्याने अंग धुतात, आणि ते गोडं पाणी आमच्या शाळेमागच्या नळावरून नेतात. उडणारे कॅमेरे चार. आमच्याकडच्या सहा जणांच्या होड्या दोन, एक पिवळी आणि एक निळी. वल्ही चौदा, जादा दोन धरून. बोया एक; तो मी आदल्या दिवशी पन्नास मीटरची दोरी अठरा वेळा टाकून, किनाऱ्यापासून नऊशे मीटरवर सोडला होता. स्टॉपवॉच दोन.

खलाशी हा शब्द मी सवयीने वापरते. त्यांच्यात दातांचे डॉक्टर तीन होते, घरं विकणारे चार, एक निवृत्त न्यायाधीश, आणि बाकीच्यांनी आपण पूर्वी काय करत होतो ते सांगितलं तरी मला कळलं नाही. महासागर ओलांडताना त्यांचं सुकाणू यंत्राने धरलं होतं, दिशा उपग्रहांनी दाखवली होती आणि जेवण डब्यांतून आलं होतं. तुम्ही काय केलंत असं विचारलं की ते सांगत, आम्ही पॅसिफिक पार केला.

ते आमच्याकडे अडकले होते. दक्षिणेकडून आलेल्या लाटांमुळे प्रवाळातली खिंड नऊ दिवस बंद होती. रोज पहाटे खिंडीतल्या लाटांची उंची मोजायची आणि कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहायची, हे माझं काम. आकडा दीड मीटरच्या वर असला की कुणी बाहेर पडायचं नाही. रोज आठच्या सुमाराला व्हिम फळ्यासमोर येऊन उभा राही. व्हिम रोटरडॅमचा, दातांच्या तीन डॉक्टरांपैकी एक, वय सहासष्ट. बाकीच्या यॉटवाल्यांनी त्याला आपला म्होरक्या मानलं होतं. का, ते मी शोधलं. त्याची यॉट सगळ्यांत लांब होती.

"आजही दोन मीटर?"

"दोन पूर्णांक एक."

"काल तू एक पूर्णांक नऊ म्हणालीस."

"काल तेवढ्या होत्या."

"मला तर एवढ्या मोठ्या दिसत नाहीत," असं म्हणून तो समुद्राकडे बघे. खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून हॉटेलच्या मॅनेजरकडे बघावं तसं.

आता सहाव्या जागेचं सांगते. आमच्या होडीत सहा माणसं एकामागे एक बसतात. पहिला ताल धरतो, मधले चार ओढतात, सहावा सुकाणूचं वल्हं धरतो. डाव्या अंगाला दोन दांड्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका, असते आणि सगळा तोल तिच्यावर. जुलैत राजधानीला, पापेएतेला, होणाऱ्या शर्यतींना गावोगावच्या होड्या जातात. आमच्या होडीत सहाव्या जागेवर एकोणीस वर्षं माझा पुनुआमामा बसत आला होता. मामा एकसष्ट वर्षांचा. त्याला नावाने हाक मारणारे थोडे. गाव त्याला 'सहावा' म्हणतं. आई गेल्यावर मी त्याच्याच घरात वाढले. त्याला विसावं वर्ष हवं होतं. विसावं झालं की मी आपण होऊन वल्हं ठेवतो, असं त्याने चर्चच्या ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गावाकडे त्याने काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

राइतुआला ती जागा याच वर्षी हवी होती. राइतुआ मामाच्या चुलतभावाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. वल्हं मारायला मामाकडेच शिकलेला आणि चांगला. वाईट असता तर प्रश्नच नव्हता.

होडी मंडळात आठ माणसं. मतं पडली चार आणि चार. मग दोघांची शर्यत लावायची ठरली, आणि लगेच दुसरी अडचण आली: होडीत बसवायचं कुणाला? आमच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी आहे. राइतुआची आई ओसरीवर उघडच म्हणाली, "माझी धाकटी दोघं पुनुआदादाच्या होडीत बसली तर वल्ही नुसती भिजवून आणतील." आणि पुनुआमामाचे जावई राइतुआच्या होडीत बसले असते तर त्यांनी तीही भिजवली नसती.

तोडगा मी काढला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तो माझाच होता. मी मंडळाला म्हणाले, मापायचं साधन निःपक्षपाती हवं. गावात कुणाचाच कुणी नाही असं माणूस मिळणार नाही. पण समोर पाण्यात सव्वीस बसलेत.

मंडळाच्या अध्यक्ष तेउमेरेमावशी. त्यांनी नारळ सोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "ती गाढवं?"

"गाढवं असली तरी दोघांना सारखीच मिळतील. मी वजन करून वाटून देते."

"त्यांना वल्हं कुठल्या टोकाला धरायचं ते तरी माहीत आहे का गं?"

"दोघांच्याही गाढवांना सारखंच माहीत नसेल, मावशी. तेच तर हवंय."

मावशींना ते पटलं. म्हणाल्या, "घोडा कुणीही पळवतो. गाढव पळवून दाखवू दे." मग त्यांनी नियम सांगितला, दोनच वाक्यांत, आणि तो सगळ्या गावाने ऐकला. सहाव्या जागेवर जो बसेल, वेळ त्याचा. ज्याचा वेळ कमी, जुलैत तो.

खलाशांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना फक्त कळवलं की शनिवारी गावाचे खेळ आहेत आणि पाहुण्यांना आमंत्रण आहे. त्यांना ते अगदी स्वाभाविक वाटलं. कुणी एकाने तरी विचारावं, आम्ही कशाला? कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी खोबऱ्याची पोती ज्या काट्यावर तोलतात त्यावर मी दहा खलाशी तोलले. व्हिम एकशे बारा किलो. तो चढल्यावर मावशी म्हणाल्या, "याचं खोबरं किती निघेल?" बायका हसल्या, तोही हसला, आणि काट्यासकट स्वतःचा फोटो काढून घेतला. रात्री त्याने आपल्या वाचकांसाठी लिहिलं की शर्यतीआधी योद्ध्यांचं वजन करण्याची या बेटावर प्राचीन प्रथा आहे. मी ते वाचलं. 'प्राचीन' हा शब्द तीनदा होता. तो काटा आम्ही सहा वर्षांपूर्वी आणला.

दोन गट पाडले. मामाच्या वाट्याचे पाच मिळून चारशे अकरा किलो, राइतुआचे पाच मिळून चारशे नऊ. व्हिम मामाकडे आला. चिठ्ठ्या मावशींच्या नातीने उचलल्या होत्या, त्याबद्दल कुणाला बोलायला जागा नाही.

मग अर्धा तास मी त्यांना उथळ पाण्यात होडीत बसवून शिकवलं. शिकवायच्या गोष्टी तीनच होत्या. पुढच्याच्या तालावर वल्हं मारा. हाक आली की बाजू बदला. आणि काहीही झालं तरी उजवीकडे झुकू नका, कारण उलांडी डावीकडे आहे. ती उचलली गेली की होडी उलटते. तिसरी गोष्ट मी चार वेळा सांगितली. दहाही जणांनी चारही वेळा मान हलवली. नंतर काही विचारायचंय का म्हटल्यावर सहा प्रश्न आले. पदक मिळणार का. कपडे कुठले घालायचे. कॅमेरा होडीत चालेल का. अंगावर गोंदवून कुठे मिळेल. जिंकणाऱ्याला नाच करावा लागतो का. सहावा प्रश्न सिग्रिडने विचारला. ती एका यॉटवर पगारी स्वयंपाकीण होती, तिशीची, नॉर्वेच्या एका बेटावरची, आणि मामाच्या पाचांतली. ती म्हणाली, "उलटली तर आधी काय धरायचं?"

"वल्हं," मी म्हणाले. "होडी कुठे जात नाही. वल्हं जातं."

व्हिम म्हणाला, "आपण महासागर पार केलेली माणसं आहोत. तळ्यात उलटणार नाही."

शनिवारी आधी जमिनीवरचे खेळ झाले. भालाफेकीत सात मीटर उंच खांबाच्या टोकाला नारळ लावतात. खलाशांनी त्रेसष्ट भाले फेकले. नारळाला लागलेले शून्य, खांबाला लागलेला एक, पाद्रीबाबांच्या मंडपाच्या छपरात घुसलेले दोन. नारळ सोलण्यात त्यांच्यातल्या सगळ्यांत वेगवानाला एका नारळाला चार मिनिटं नऊ सेकंद लागली आणि एक टाका पडला. त्याच्या शेजारी बसून मावशींनी मधल्या वेळात अठरा सोलले. घाई केली नव्हती, त्या शेजारणीशी सुनेबद्दल बोलत होत्या. न्यायाधीशांनी शंभर किलोचा दगड उचलण्याचा आग्रह धरला. त्यांना साठ किलोचा दिला आणि शंभरचा म्हणून सांगितलं. तो त्यांनी गुडघ्यापर्यंत आणला. गावाने टाळ्या वाजवल्या. गावाने सगळ्यालाच टाळ्या वाजवल्या. केळ्यांचे घड खांद्यावर घेऊन पळायच्या शर्यतीत एक घरविक्या चिखलात बसला आणि उठेचना, तेव्हाही वाजवल्या. मला खलाशांचा राग येत होता, पण आमचे तळहातही मला त्या दिवशी आवडले नाहीत. अर्धं गाव तोंडावर हात धरून त्यांना हसत होतं आणि तोच हात खाली आणून टाळी देत होतं.

राइतुआ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मारुइया, माझ्या पाचांतला एक आत्ताच विचारत होता, होडीला ब्रेक कुठे असतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तूच." तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "काकाकडे तो जाडा गेला ना? वाईट झालं."

"वजन सारखं आहे."

"वजन सारखं असेल," तो म्हणाला.

अकरा वाजता होड्या पाण्याच्या रेषेवर आणल्या. आमच्या गावची रीत अशी की यजमान पाहुण्याच्या गळ्यात आपल्या हाताने हार घालतो, आणि तो हार गळ्यात असेपर्यंत पाहुण्याला कशालाही 'नाही' म्हणत नाही. चारचौघांत तर नाहीच. एकदा एका पाहुण्याने कोंबडा मागितला होता आणि झुंजीचा एकुलता कोंबडा त्याला शिजवून वाढला गेला. ही कोंबड्याची गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मामाने आपल्या पाचांना आणि राइतुआने आपल्या पाचांना हार घातले. मी होड्यांची लांबी मोजली होती, माणसांचं वजन केलं होतं, वाऱ्याचा वेग लिहून ठेवला होता: अकरा नॉट, बोयाकडे जाताना उजवीकडून. हाराचा विचार मी केला नव्हता.

मामा सहाव्या जागेपाशी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून होडी धरून होता. व्हिम पाणी तुडवत मागे गेला, मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सहाव्या जागेकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीकडे. भाषांतराची गरजच नव्हती, तरी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "याला सांग, मागे मी बसतो. मी कप्तान आहे, तीस वर्षं सुकाणू धरतोय. याने पुढे बसावं, इथली दिशा त्याला माहीत आहे."

किनाऱ्यावर दोनशे माणसं होती. सगळ्यांना नियम माहीत होता. मंडळाचे आठही सभासद आपापल्या पायाखालची वाळू बघत होते, जणू तिच्यात काही लिहिलंय. राइतुआ निळ्या होडीत बसून आपल्या वल्ह्याच्या मुठीवरची दोरी पुन्हा गुंडाळत होता. ती आधीच गुंडाळलेली होती.

मी पाण्यात उतरले. "मामा, यांना मी समजावते. त्यांना माहीत नाही ते काय मागतायत."

"माहीत असून मागितलं असतं तर वेगळं," मामा म्हणाला.

"नियम आहे. मागे बसेल त्याचा वेळ."

"हार कुणी घातला?"

"तुम्ही."

"मग झालं." त्याने सुकाणूचं वल्हं व्हिमच्या हातात दिलं, पण व्हिमने ते उलट्या बाजूने धरलं. मामाने ते फिरवून पुन्हा दिलं, आणि चालत जाऊन पहिल्या जागेवर बसला. व्हिमने किनाऱ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. गावाने टाळ्या वाजवल्या.

मला ती रीत तेव्हा अजिबात थोर वाटली नाही. माणसाने एकोणीस वर्षं एक काम करावं आणि एका दंतवैद्याच्या बोटाखातर ते सोडून द्यावं, आणि याला आम्ही मोठं मन म्हणावं. व्हिमला तर आपल्याला काही दिलं गेलं हेही कळलं नाही. त्याला खुर्ची मिळाली, एवढंच.

मावशींनी शंख फुंकला. मी घड्याळ सुरू केलं.

निळी होडी सरळ गेली. राइतुआच्या पुढे बसलेले पाच जण पाच वेगवेगळ्या वेळांना वल्हं मारत होते, पण तो मागून त्यांना शिव्या घालत होता आणि शिव्यांना एक ताल असतो. शंभर मीटरनंतर ते त्या तालावर आले. त्यांना शब्द कळत नव्हते हे बरं.

पिवळी होडी नागमोडी गेली. दुर्बिणीतून मी तिची वळणं मोजली: बोयापर्यंत अकरा. मामा पुढे मान न वळवता एकसारखा वल्हं मारत होता आणि व्हिम मागे बसून होडी उजवीकडे नेई, मग डावीकडे, मग पुन्हा. पुढून ताल धरणाऱ्याला दिशा देता येत नाही. मामाला प्रत्येक चूक कमरेत कळत असणार. राइतुआने बोयाला वळसा घातला तेव्हा पिवळी होडी अजून दोनशे मीटर मागे होती.

बोयाजवळ मोटरबोटीत गावातला तिहोनी बसला होता. होडीची उलांडी बोयाच्या पुढे गेली की त्याने पांढरं फडकं खाली करायचं, आणि मी त्या क्षणी वेळ लिहायची, असं ठरलेलं. राइतुआसाठी फडकं खाली आलं. मी वेळ लिहिली.

पिवळी होडी बोयापाशी आली आणि डावीकडे वळायला लागली, तसा वारा उजव्या अंगावर भरला. होडी जराशी हलली, एवढंच. पण शिडाच्या नौकेत वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला अंग टाकतात, म्हणजे ती आडवी होत नाही. तीस वर्षांत व्हिम हे एवढं नक्की शिकला होता. तो आपल्या भाषेत ओरडला आणि उजवीकडे बाहेर झुकला, एकशे बारा किलोंनी. त्याच्या पुढचे तिघं, तेही महासागर पार केलेले, त्याच्याबरोबर झुकले. सिग्रिड झुकली नाही. मामा डावीकडे उलांडीच्या दांडीवर झेपावला. दोन विरुद्ध चार. उलांडी पाण्यातून वर आली, क्षणभर आकाशात उभी राहिली आणि पलीकडे पडली.

किनाऱ्यावरच्या यॉटवाल्यांनी जल्लोष केला. चारही उडणारे कॅमेरे बोयाकडे गेले.

पाण्यावर डोकी सहा होती. वल्ही दिसली तीन: एक मामाच्या हातात, दोन सिग्रिडच्या. बाकीची वाऱ्याबरोबर निघाली होती. सिग्रिड तीन फेऱ्या पोहून ती घेऊन आली. व्हिम मोटरबोटीकडे पोहत गेला. तिहोनीने त्याला वर ओढलं तेव्हा मोटरबोट त्या अंगाला कलली. बसल्या बसल्या त्याने वॉटरप्रूफ पिशवीतून फोन काढला. हार त्याच्या गळ्यात नव्हता, पाण्यावर तरंगत होता. बाकीचे तिघं उलट्या होडीला धरून एकमेकांना काहीतरी सांगत होते आणि हसत होते.

मामाने त्यांना एकेकाच्या मनगटाला धरून जागेवर नेलं. तिघं उलट्या तळावर उभे, मामा आणि सिग्रिड उलांडीखाली. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला होडी सुलटी झाली. मग पाणी उपसणं. उलटल्यापासून शेवटचा माणूस आत बसेपर्यंत चार मिनिटं सव्वीस सेकंद लागली. माझ्याकडे याआधीच्या पाच नोंदी आहेत, सगळ्या आमच्या माणसांच्या. त्यातली सर्वांत चांगली तीन मिनिटं पन्नास.

व्हिमला पुन्हा होडीत यायचं नव्हतं. चित्रण चालू होतं. तो मोटरबोटीतून हात हलवून म्हणाला ते तिहोनीने मला नंतर सांगितलं: जा जा, मी इथून घेतो.

मामा सहाव्या जागेवर बसला. सिग्रिड पहिल्या जागेवर गेली. मध्ये तिघं, एक जागा रिकामी. होडी बोयाला वळसा घालून पुढे आली, तिहोनीचं फडकं खाली आलं, मी वेळ लिहिली.

परत येताना पिवळ्या होडीने एकही वळण घेतलं नाही. मामा ओरडत नव्हता. राइतुआ केव्हाच किनाऱ्याला लागला होता आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता. त्याचे पाच जण बिअर उघडत होते. तो मध्येच स्वतःशी म्हणाला, "बघ कसा आणतोय," आणि कुणी ऐकलं का म्हणून आजूबाजूला पाहिलं. मी ऐकलं होतं.

उलांडी रेषेवर आली तेव्हा मी घड्याळ थांबवलं. वारा पुन्हा मोजला. अकरा नॉट.

व्हिम मोटरबोटीतून उतरून सरळ माझ्याकडे आला, ओला आणि अतिशय आनंदी. "या मोसमातला सगळ्यात छान दिवस," तो म्हणाला. "उलटलो ते बघितलंस? आणि तो म्हातारा. चांगलं जमतं त्याला. तुम्ही त्याला कुठेतरी खऱ्या शर्यतीत उतरवायला हवं."

मी वाऱ्याचा आकडा कागदावर लिहिला.

"खिंड सोमवारी उघडेल ना?" त्याने विचारलं.

"लाटा उतरल्या तर."

"आमच्या अंदाजाप्रमाणे उतरतील," असं म्हणून तो जेवायला गेला. नारळाच्या दुधातला कच्चा मासा आणि भाजलेले नीरफणस मांडले होते. खलाशांनी आधी त्यांचे फोटो काढले.

दुपारी दोन वाजता मंडळ ओसरीवर बसलं. मामा खांबाला टेकून उभा होता, ओल्याच कपड्यांत. राइतुआ पायरीवर. गावातले सगळे अंगणात, जेवायला गेल्यासारखे दाखवत.

"पूर्ण वेळ वाचायचा तर मामा सात मिनिटांनी मागे आहे," मी म्हणाले.

"पूर्ण वेळ कशाला?" मावशी म्हणाल्या. "नियम काय? सहाव्या जागेवर बसेल त्याचा वेळ. जाताना मागे तो गोरा होता. तो वेळ त्याचा, त्याने घरी न्यावा. येताना मागे पुनुआ होता. राइतुआ दोन्ही वेळा होता. म्हणून येतानाचा वेळ येतानाच्या वेळाशी लावायचा. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. राइतुआ खाली बघत म्हणाला, "मावशी, मी सहा जणांनी आलो. काका पाच जणांनी."

"जो कमी पडला तो मोटरबोटीतच बरा नव्हता का," अंगणातून कुणीतरी म्हणालं, आणि थोडं हसू झालं.

"नियमात माणसं मोजलेली नाहीत," मावशी म्हणाल्या. "मारुइया, कागद घे."

मी कागद आधीच बघितला होता. दोन्ही आकडे माझ्या हातचे होते, बोयापासूनचे, फडक्यापासूनचे. फडकं दिसल्यापासून अंगठा दाबेपर्यंत माझ्याकडून दोन दशांश सेकंदाची चूक होते. मी ती पूर्वी तपासलेली आहे. त्याहून जास्त होत नाही. ओसरीवर तो कागद माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नव्हता, आणि मी काही वेगळं वाचलं असतं तर कुणी मला परत विचारलं नसतं. राइतुआनेही नसतं.

मी मामाकडे पाहिलं.

"काय आहे ते वाच, पोरी," तो म्हणाला. "उभं राहून पाय दुखतायत."

मी वाचलं. बोयापासून किनारा, नऊशे मीटर. राइतुआ: सहा मिनिटं आठ सेकंद. पुनुआ: सहा मिनिटं दहा सेकंद.